बरणीतलं पाणी कैरीचंच आहे
कैरीच्या लोणच्याच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

नवं लोणचं घरोघरी पोचलं की पहिला फोन ठरलेला असतो: "लोणच्यात पाणी घालता का हो?" नाही घालत. कैऱ्या पुसून, फोडी पंख्याखाली सुकवूनच आम्ही मीठ लावतो. तरी दुसऱ्या दिवशी घमेल्यात खार सुटलेला असतोच.

कैरीची फोड म्हणजे लाखो पेशी, आणि प्रत्येकीभोवती पातळ पडदा. पाणी त्यातून सहज ये-जा करतं, विरघळलेल्या मिठाला मात्र तो अडवून धरतो. पाण्यासाठी पडद्यात वेगळ्या वाटाच असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. बाहेर मीठ लागलं की आतलं पाणी तिकडे ओढलं जातं. पेशीला यात काहीच ताकद लावावी लागत नाही. शाळेत शिकलेलं परासरण ते हेच. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी पान वाढताना घालतात, नाहीतर तिचं पाणी पाणी होतं. मलूल कोथिंबिरीची जुडी पाण्यात उभी केली की ताठ होते, तेव्हा हाच प्रवास उलट्या दिशेने झालेला असतो.

मग मीठ फोडीच्या आत शिरतं कधी? काही दिवसांत तीव्र खारात पेशी मरतात, पडद्यांची राखण सुटते, आणि मीठ-मसाला हळूहळू आत पाझरतो. आपण त्याला मुरणं म्हणतो, पुस्तकात विसरण म्हणतात. हे काम फार सावकाश चालतं. फोड दुप्पट जाड केली तर मुरायला साधारण चौपट वेळ लागतो! मोठ्या फोडी दिसतात झकास, पण वरून खारट आणि आतून कच्च्या राहतात. म्हणून आम्ही लहानच कापतो. तुम्हीही बरणी आणल्या आणल्या उघडू नका, तीन आठवडे दम धरा.

"बीपी आहे, मीठ कमी करा," असंही बरेच जण सांगतात. किलोभर फोडींना आम्ही 150 ग्रॅम मीठ घालतो, ते नुसतं चवीपुरतं नसतं. जे कैरीचं होतं तेच जंतूंचं: मीठ त्यांचंही पाणी ओढून घेतं आणि त्यांची वाढ खुंटते. कमी मिठाचं लोणचं सांगाल तर करून देऊ, पण ते फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवडाभरात संपवा.

व्हिनेगरमधल्या मिरचीची तऱ्हा वेगळी. तिथे आम्लाचे छोटे रेणू पडद्यातून थेट आत घुसतात आणि जंतूला आतूनच आंबट करून टाकतात.

तेलात मीठ विरघळत नाही, त्यामुळे खार काढण्यात त्याचा हात नाही. ते वरून हवा अडवतं, आणि बुरशीला हवा लागते. फोडी तेलाखाली बुडलेल्या असू द्या. तेल कमी वाटलं तर कडकडीत तापवून, पूर्ण गार करून वरून ओता. चमचा कोरडाच हवा. ओल्या चमच्याचा थेंब वर डोकावणाऱ्या फोडीवर पडला, तर तिथलं मीठ पातळ होतं आणि बुरशीला तेवढी जागा पुरते.

तळाशी उरलेला खार टाकू नका. थालीपिठाच्या पिठात घाला; मग वेगळं मीठ नको.