ऑडिट की विवरणपत्र?

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यात पर्यावरणाचं काम बघणाऱ्या माणसाला सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोन करू नये. ३० तारखेच्या आत 'फॉर्म पाच', म्हणजे कारखान्याचं वार्षिक पर्यावरण विवरणपत्र, भरायचा असतो आणि पाण्याचा आकडा स्टोअर, मेंटेनन्स, अकाउंट्स अशा तीन टेबलांवर विखुरलेला असतो.

पाणी आणि हवेच्या प्रदूषणाचे १९७४ आणि १९८१ चे कायदे नाल्यात काय सुटतं, धुराड्यातून काय निघतं एवढंच विचारत. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच्या नियमांतून मार्च १९९२ मध्ये निघालेली अधिसूचना मात्र थेट शॉपफ्लोअरवर शिरली: एका नगामागे पाणी किती, कच्चा माल किती, प्रदूषण रोखण्याच्या उपायांनी उत्पादनखर्चात काय फरक पडला? नाव पर्यावरणाचं, पण प्रश्न कारखाना किती काटकसरीने चालतो हाच.

त्या अहवालाला तेव्हा 'ऑडिट' म्हटलं होतं. एप्रिल १९९३ च्या दुरुस्तीत तो शब्द गेला आणि 'स्टेटमेंट' आलं, म्हणजे विवरणपत्र. शब्दाच्या काटेकोरपणाने पाहिलं तर दुरुस्ती बरोबरच होती. स्वतःच भरलेल्या कागदाला ऑडिट कसं म्हणणार? पण प्रश्न तेच राहूनही धाक गेला. ऑडिट म्हटलं की मालक स्वतः फाइल मागवतो. विवरणपत्र कन्सल्टंटकडे जातं, आणि गेल्या वर्षीच्या आकड्यांत थोडी हलवाहलव करून परत येतं. पाणी कुठे मुरतं हे ज्याला कळलेलं असतं, त्याला प्रॉडक्शन मीटिंगला बोलावत नाहीत.

१९९६ साली आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. पुढे गाड्यांच्या सुट्या भागांच्या पुरवठादारांनी ते घेतलं, बहुतेकांनी ग्राहक मागतो म्हणून. २०१५ च्या आवृत्तीने जबाबदारी वरिष्ठ व्यवस्थापनाच्या गळ्यात घातली. २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना उलाढालीच्या प्रमाणात वीज-पाणी किती लागलं हे जाहीर करावं लागतं. त्यांची विचारणा आता खालच्या पुरवठादारापर्यंत पोचते. ऑगस्ट २०२५ च्या नव्या नियमांनी 'ऑडिट' हा शब्दही परत आणला, या वेळी बाहेरच्या नोंदणीकृत तपासनीसासह.

त्या तपासनीसाला अनेक लहान कारखान्यांत पाण्याचं एकच मीटर सापडेल, तेही गेटजवळ. पेंटशॉप, कॅन्टीन आणि बागेचं पाणी त्यातूनच जातं.