ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची पकड

"गाडी रिमॅप करायचीय. हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किती हॉर्सपॉवर घेईल?" महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला हे विचारतंच. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. पण गिअरबॉक्सला सोसावा लागतो तो टॉर्क, म्हणजे शाफ्टला बसणारा पीळ.

२०१६ साली भारतात आलेली स्कोडा सुपर्ब घ्या. दोन्ही पेट्रोल गाड्यांत १.८ लिटरचं टर्बो इंजिन, दोन्हींत १८० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर). तरी मॅन्युअलला टॉर्क ३२० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकला २५०. कारण ऑटोमॅटिकमधल्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजीची, म्हणजे दोन क्लचांच्या गिअरबॉक्सची, मर्यादाच २५० ची. म्हणून इंजिनाला लगाम घातलेला. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. त्यामुळे मॅन्युअलमध्ये १८० पीएस मिनिटाला ३९०० फेऱ्यांच्या आसपासच मिळतात, ऑटोमॅटिकला ५००० च्या वर जावं लागतं.

टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाला तेलाच्या प्रवाहातून जोडलेल्या, गिअरबॉक्समध्ये हा पीळ धरतात क्लच पॅक. मला यंत्रांतली सगळ्यात देखणी वाटणारी वस्तू हीच. एक स्टीलची प्लेट, एक घर्षणाचं अस्तर लावलेली प्लेट, पुन्हा स्टील, अशी चळत तेलात बुडालेली असते. तेलाच्या दाबाने पिस्टन ती चळत आवळतो. पकड किती? घर्षणांक, गुणिले दाबाचा जोर, गुणिले सरासरी त्रिज्या, गुणिले घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. समजा घर्षणांक ०.१२, जोर १०,००० न्यूटन, त्रिज्या ७ सेंटिमीटर. अस्तराच्या पाच प्लेटा म्हणजे दहा पृष्ठभाग, पकड ८४० न्यूटन-मीटर. सहावी प्लेट घातली की १००८! पण त्याच जागेत सहावी बसवायची, तर स्टीलच्या प्लेटा पातळ कराव्या लागतात, आणि गिअर बदलतानाची उष्णता तर त्यांनीच प्यायची असते. जळालेल्या पॅकमधली प्लेट हातात घेऊन पाहा: स्टीलवर निळे डाग, अस्तर काळं पडून नखाने सुटणारं.

शिवाय गाडी जागेवरून उचलताना टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क जवळजवळ दुप्पट करतो. इंजिनाचे ४०० आत ८०० होऊन पोचतात.

आता खरी मेख. आधुनिक गिअरबॉक्स तेलाचा दाब ठरवतो तो ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, कळवलेल्या टॉर्कवरून. गिअरबॉक्सची टॉर्कची मर्यादा चुकवायला काही रिमॅपवाले हा आकडाच कमी दाखवतात. इंजिन ५०० ओढतंय आणि गिअरबॉक्सला कळवलंय ३५०! तो ३५० पुरताच आवळतो आणि प्लेटा घसरतात. मजबूत गिअरबॉक्स असा जळतो. 'गिअर मऊ पडतील' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या तर तेलात ओतूच नका. त्यातल्या द्रव्यांनी घर्षणांक बदलला, तर वरचं सगळं गणित कोसळतं.

निवड करताना जुन्या अमेरिकन गाड्यांत १९६४ पासूनचा जनरल मोटर्सचा तीन गिअरचा टीएच४०० आजही लोक विश्वासाने बसवतात. त्याच घराण्यातला चार गिअरचा ४एल८०ई. झेडएफ या जर्मन कंपनीच्या ८एचपी मालिकेत नावातच अंदाज आहे: ८एचपी४५ साधारण ४५० न्यूटन-मीटरचा, ८एचपी७० साधारण ७०० चा.

रिमॅपनंतर लॉग, म्हणजे गाडी चालतानाच्या आकड्यांची नोंद, मागून घ्या. गिअर पूर्ण लागलेला असताना इनपुट आणि आउटपुटचे फेरे त्या गिअरच्या गुणोत्तरात बसायलाच हवेत. इनपुट पुढे पळू लागला, तर पॅक सुटतोय. त्याच दिवशी रिमॅप उतरवा.