'हे आपल्याला कितीला पडतं?' – पडतरीच्या हिशेबाची पार्श्वभूमी

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही 'उत्पादन खर्च' फारसा ऐकू येत नाही, 'पडतर' ऐकू येते. शब्द गुजराती असला तरी कानाला परका वाटत नाही, कारण 'हे केवढ्याला पडलं?' हे आपण रोजच विचारतो. पाठ्यपुस्तकांतल्या 'परिव्यय लेखांकना'पेक्षा मला हा शब्द जवळचा वाटतो. माल कितीला जाईल हे बाजार ठरवतो. तो आपल्याला कितीला पडतो हे मात्र आपलं आपल्यालाच शोधावं लागतं.

मराठी हिशेबाची परंपरा इथे जुनी आहे. गायकवाडांच्या दरबारात फडणिसी होती, मोडीतली रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद होते. १८७५ मध्ये दिवाण झालेल्या सर टी. माधवरावांनी राज्याची विस्कटलेली आर्थिक घडी बसवली आणि दरसाल राज्यकारभाराचा अहवाल निघू लागला. पण हा सगळा हिशेब वर दाखवण्यासाठी होता. 'दिलेल्या पैशाचं काय केलं?' या प्रश्नाचं ते उत्तर. 'ही ऑर्डर घ्यावी का?' याचं उत्तर रोजकीर्दीत सापडत नाही. आणि या विषयाचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते: दुसऱ्या प्रश्नासाठी शोधलेली पद्धत हळूहळू पहिल्याच प्रश्नाच्या दावणीला बांधली जाते.

दुसरा प्रश्न नीट विचारला गेला तो अडचणीच्या काळात. १७७२ साली इंग्लंडमध्ये उधारीचा बाजार कोसळला. चिनी मातीची भांडी बनवणारे जोसाया वेजवूड यांच्याकडे माल पडून होता आणि रोकड आटली होती. त्यांनी एकेका भांड्याची पडतर स्वतः काढायला घेतली. त्यातून त्यांच्या लक्षात आलं की साचे, भाडं, कारकुनांचे पगार हे खर्च घड्याळासारखे चालतच राहतात, भांडी शंभर निघोत की हजार. म्हणजे एकाच नमुन्याचा माल जास्त काढला तर नगामागे खर्च उतरतो. मग त्यांनी काही फुलदाण्यांचे भाव उतरवून मध्यमवर्गीय गिऱ्हाईक धरायचं ठरवलं. याच तपासात हेडक्लार्कची अफरातफरही उघडी पडली. दुहेरी नोंदीची पद्धत (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्हीकडे लिहायची) इटालियन गणिती पाचिओलीने १४९४ मध्येच छापली होती, तरी तिच्यातून हे आपोआप दिसलं नसतं.

रेल्वेमुळे प्रश्न आणखी अवघड झाला. रूळ आणि पूल एकदा बांधले की गाडी भरलेली जावो वा रिकामी, तो खर्च हलत नाही. आपल्याकडे १८६२ साली डभोई–मियागाम ही गायकवाडांची सुमारे ३३ किलोमीटरची अरुंद रेल्वे बैल ओढत होते. रूळ बदलून इंजिन नियमित धावू लागलं ते १८७३ मध्ये. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अल्बर्ट फिंक यांनी एक टन माल एक मैल न्यायला किती पडतं याचा हिशेब मांडला, वाहतुकीबरोबर वाढणारे खर्च वेगळे आणि न वाढणारे वेगळे काढून. रेल्वेत तयार झालेल्या अमेरिकन उद्योगपती कार्नेगींनी हीच सवय पोलादाच्या कारखान्यात नेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅमिल्टन चर्च यांनी मशीनच्या तासावर ओव्हरहेड, म्हणजे भाडं-पगारासारखा कुठल्याच एका नगाचा नसलेला खर्च, बसवायला शिकवलं आणि कामाची मोजमापं घेणाऱ्या टेलरच्या काळात कामांच्या प्रमाण वेळा ठरून स्टँडर्ड कॉस्टिंग, म्हणजे खर्च किती यायला हवा हे आधीच ठरवायची पद्धत, आली.

इथवर सगळं उपयोगाचंच होतं. पण ओव्हरहेड प्रत्येक नगावर वाटायची सवय ताळेबंदात शिरली आणि गुंता झाला. १९३६ साली जोनाथन हॅरिस यांनी तो दाखवला: विक्री वाढलेल्या महिन्यात नफा उतरलेला. कारण त्या महिन्यात उत्पादन कमी होतं. उलट न खपणारा माल गोदामात भरत गेलं की भाडं-पगाराचा वाटा त्या मालात दडून राहतो आणि कागदावर नफा फुगतो. त्यांचा उपाय सरळ होता: नगावर फक्त नगाबरोबर वाढणारा खर्च टाका, बाकीचा त्या त्या महिन्यालाच लावा.

दांडिया बाजारातलं एखादं घर भाकरवडी करतं असं समजा. बेसन, तेल, मसाला, गॅस, पाकीट आणि किलोवारी मजुरी मिळून किलोला १५० रुपये. भाडं, टेम्पोचा हप्ता, कायमचा माणूस धरून महिन्याला ३०,००० रुपये. महिन्याला ५०० किलो माल, म्हणजे त्याचे किलोमागे ६०. पडतर २१०, भाव २४०. आता कुणी १९० रुपयांनी २०० किलो मागतं. २१०चा आकडा म्हणतो, तोटा. पण भाडं आणि हप्ता या ऑर्डरने वाढणार नाहीत. किलोला ४० रुपये सुटतात, ८,००० हातात येतात. कढई मोकळी असेल आणि रोजची गिऱ्हाइकं १९० मागणार नसतील, तर ऑर्डर घ्यावी. आणि खप ४०० किलोवर आला, तर तोच ३०,००० किलोमागे ७५ होतो, पडतर २२५ दिसते, म्हणून भाव वाढवला जातो आणि खप आणखी घटतो. या चक्रात चांगली चाललेली घरं बसलेली मी पाहिली आहेत, म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे.

भारतात या विद्येला जोर आला तो दुसऱ्या महायुद्धात. सरकार खर्च अधिक ठरावीक नफा या बोलीवर माल घेत होतं, तेव्हा खर्च तपासणारी माणसं हवी होती. १९४४ मध्ये कलकत्त्यात कॉस्ट अकाउंटंट्सची संस्था नोंदली गेली, १९५९ मध्ये तिचा कायदा झाला, १९६५ मध्ये कंपनी कायद्यात कॉस्ट ऑडिटचं, म्हणजे उत्पादन खर्चाचा हिशेब तपासून घेण्याचं, कलम आलं. २०१३ च्या कायद्यात ते १४८ वं कलम आहे.

वडोदऱ्यावर याचा थेट परिणाम झाला. अलेम्बिक १९०७ पासून इथे, कोयली रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, १९६९ मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी आली. १९७० च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानंतर औषधाचा भाव पडतरीवरून ठरू लागला, आणि मूळ आधार बाजारभाव झाला तो २०१३ मध्ये. या काळात औषध कंपनीतला कॉस्टिंगवाला दिल्लीसाठी आकडे तयार करण्यात गुंतलेला असे. रिफायनरीची गोष्ट वेगळी. एकाच कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, केरोसीन निघतं. कच्च्या तेलाचा खर्च त्यांच्यात कसा वाटायचा याला एकच खरं उत्तर नाही, आणि ती वाटणी पाहून 'डिझेल तोट्यात' म्हणणं चूकच.

१९८७ मध्ये थॉमस जॉन्सन आणि रॉबर्ट कॅपलन यांनी ही तक्रार ग्रंथरूपात मांडली: कारखान्यांचे हिशेब वित्तीय अहवालांच्या सोयीने चालतात, निर्णय घेणाऱ्याच्या नाही. पाठोपाठ कॅपलन आणि रॉबिन कूपर यांनी कामानुसार खर्च लावण्याची पद्धत पुढे आणली.

वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथ वर्कशॉपमध्ये ती मला डोळ्यांनी दिसली. तिथे २००० नगांच्या फ्लॅंजला (पाइप जोडायच्या चकतीला) आणि २० नगांच्या खास पार्टला मशीन तासाचा एकच दर लागत होता. दोन्हींना नगामागे सहा मिनिटं. पण दोन्हींच्या सेटिंगला, म्हणजे मशीन त्या कामासाठी लावून घ्यायला, तीन-तीन तास. फ्लॅंजवर नगामागे सेटिंगचे साडेपाच सेकंदही पडत नाहीत, खास पार्टवर नऊ मिनिटं पडतात, प्रत्यक्ष कामापेक्षा जास्त. आता फोरमनच्या वहीत जॉब नंबरशेजारी 'सेटिंग' असा नवा रकाना आहे. खास पार्टचा भाव त्यावरून नव्याने काढला. दोन गिऱ्हाइकं गेली, बाकीच्यांनी तो भाव दिला.