‘फादर’ आणि ‘मिशनरी’ : एका निवडीची पार्श्वभूमी

उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे कॅथलिक धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ मध्ये निवड झाली, तेव्हा तिचे स्वागत आणि तिला झालेला विरोध हे दोन्ही एकाच माणसाला दिलेल्या दोन नावांतून प्रकट होत होते. ज्यांना निवड योग्य वाटली ते त्यांना ‘फादर’ म्हणत होते आणि ज्यांना ती खटकली ते ‘मिशनरी’ म्हणत होते. ठाणे, कल्याण, वसई या पट्ट्यातील वाचकांना ते कोण हे सांगण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो या दोन शब्दांमधील अंतराचा, आणि ते अंतर एका दिवसात पडलेले नाही.

ठाण्याला ख्रिस्ती धर्मोपदेशकाची ओळख पोर्तुगीजांच्याही आधीची आहे. एप्रिल १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू येथे मारले गेले; त्या वेळी गावात पूर्वेकडील चर्चच्या परंपरेतील काही कुटुंबे राहत होती आणि त्यांनीच या परदेशी प्रवाशांना आश्रय दिला होता. १५३४ नंतर वसई आणि साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल बसला, आणि त्या काळातील सक्तीची आठवण आजही वादात हमखास काढली जाते. १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या ताब्यात आली, तरी येथील ख्रिस्ती समाज टिकला आणि त्याच्या घरातली बोलीही मराठीच राहिली. १८८७ मध्ये त्यातील बऱ्याच लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, ते गोव्याहून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, येथलेच आहोत हे सरकारदरबारी ठसवण्यासाठी. थोडक्यात, या जिल्ह्यात ‘फादर’ हा गावातला माणूस होता. तो बाहेरून येऊन कोणाला धर्म सांगत नव्हता, असलेल्या धर्मग्रामाची (पॅरिशची) काळजी वाहत होता.

‘मिशनरी’ हा शब्द मराठीत रुळला तो मात्र एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मंडळींमुळे. १८१३ मध्ये अमेरिकन मिशन मुंबईत आले, १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागले आणि १८४३ मध्ये एका ब्राह्मण कुटुंबातील बाप्तिस्मा घेतलेल्या मुलाच्या धाकट्या भावाला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद पेटला. हा शब्द मराठी मनात शिरला तोच कोर्टकचेरी, जात आणि दुरावलेला मुलगा यांना सोबत घेऊन. त्याला पहिले खरे आव्हान दिले ते आतल्याच माणसाने. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंग आणि कीर्तनातून गायले आणि १९१७ मध्ये तर मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बसू शकत होते. दोन वर्षांनी ते वारले आणि दरबार फार पुढे गेला नाही, पण वेतनदार धर्मप्रचारक आणि भक्त कवी हे दोन वेगळे आहेत हे मराठी वाचकाला तेव्हापासून ठाऊक आहे. २०१९ च्या वादात टिळकांचे नाव दोन्ही बाजूंना सोयीचे असूनही त्याचा यथायोग्य उपयोग कोणी केला असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही.

या सगळ्या गुंत्याची कायदेशीर गाठ एका क्रियापदात आहे. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आणि धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. मराठी पाठात ‘प्रसार’ आहे, हिंदी पाठात त्याच जागी ‘प्रचार’ आहे, आणि मराठी कानाला या दोहोंत बराच फरक जाणवतो. प्रचार निवडणुकीचा होतो, तो मत मागतो. प्रसार विद्येचा होतो, तो मागत काही नाही. हा हक्क संविधानात असावा की नाही यावर ६ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खडाजंगी झाली. तो शब्द काढून टाकावा अशी मागणी झाली. तर ख्रिस्ती समाजाने याच शब्दाला सर्वाधिक महत्त्व दिले होते आणि अल्पसंख्याकांशी झालेल्या समझोत्याचा तो भाग आहे, असे तो ठेवण्याच्या बाजूच्या हिंदू सदस्यांनी सांगितले. शब्द राहिला, पण त्याचा अर्थ न्यायालयांवर सोपवून.

सर्वोच्च न्यायालयाने तो दोनदा उलगडला. १९५४ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यावरील खटल्यात न्यायालयाने म्हटले की आपली धर्ममते इतरांच्या उद्बोधनासाठी मांडण्याचा हक्क व्यक्तीला आहे, मग ती स्वतःच्या नात्याने बोलत असो वा एखाद्या चर्चच्या वतीने. १९७७ मध्ये मध्य प्रदेश आणि ओडिशा येथील धर्मांतरविषयक कायदे पाच न्यायमूर्तींच्या पीठासमोर आले, तेव्हा निकाल असा लागला की धर्माची तत्त्वे समजावून सांगणे हा प्रसार होय, परंतु दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणणे हा मूलभूत हक्क नव्हे, कारण सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य त्या दुसऱ्यालाही आहे. या निकालावर गेली जवळपास पन्नास वर्षे टीका होत आहे. स्वतःच्या मर्जीने धर्म बदलणाऱ्याचे स्वातंत्र्य त्यात पुरेसे दिसत नाही, हा टीकेचा मुख्य मुद्दा आहे आणि तो वजनदार आहे. तरीही व्यवहारात या निकालाने ख्रिस्ती उपदेशकाला एक जागा आखून दिली : त्याने सांगावे, ऐकणाऱ्याने ठरवावे. याच दरम्यान, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने उद्देशिकेत आलेला शब्द हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’ आणि मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’ असा उतरला. धर्माविषयी बोलणारा माणूस सार्वजनिक व्यासपीठावर बसला की धर्मनिरपेक्षतेला बाध येतो, असा समज मराठीत अधिक सहज पसरतो त्याला हा अनुवादही काही अंशी कारणीभूत असावा.

परदेशी सुवार्तिकाचा नमुना मराठी माणसाने जवळून पाहण्याची संधी एकदा आली होती. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांशी घरोबा असलेले आणि मैदाने भरवणारे जगप्रसिद्ध बाप्टिस्ट उपदेशक बिली ग्रॅहॅम जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत उतरले, पण त्याच आठवड्यात मुंबई महाराष्ट्राला नाकारण्याच्या निर्णयावरून शहर पेटले होते आणि त्यांची जाहीर सभा रद्द करावी लागली. पुढे दक्षिणेत त्यांच्या सभांना प्रचंड गर्दी झाली. मुंबईला त्या दिवसांत धर्मापेक्षा भाषेचा प्रश्न जिव्हाळ्याचा होता.

भाषेकडे चर्च वळले ते पुढच्या दशकात. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासना लोकभाषेत करण्यास मोकळीक दिली, मिस्सा मराठीत होऊ लागली, आणि मराठीत विचार करणारी धर्मगुरूंची एक पिढी घडली. वसईचे हे फादर त्या पिढीतले. १९८३ पासून जवळपास पाव शतक त्यांनी ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादन केले, बायबलचा सुबोध मराठी अनुवाद केला, आणि मराठी संतपरंपरा व बायबल यांना शेजारी बसवून लिहिले. परंतु ठाणे जिल्ह्यात त्यांना जो मान मिळाला तो प्रवचनांमुळे नव्हे, पाण्यामुळे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या बागायतीतील विहिरी खाऱ्या होत होत्या, टँकर गोडे पाणी उपसून नेत होते आणि हरित पट्ट्यावर इमारतींची नजर पडली होती. नवी मुंबई घडवणाऱ्या सिडको महामंडळाकडेच या टापूचे नियोजन सोपवण्यात आले, तेव्हा बेलापूर-वाशीकडे गावांच्या जमिनींचे काय झाले हे येथील शेतकऱ्यांना दिसतच होते. त्या काळात उभ्या राहिलेल्या चळवळीचे नेतृत्व या धर्मगुरूंनी केले, आणि ती बिल्डर-गुंडशाहीच्या विरोधातही बोलली. त्या मोर्चांत चालणाऱ्यांत हिंदूही होते, आणि कोणाला ‘फादर’ म्हणण्यासाठी धर्म बदलावा लागला नाही.

२०१९ मधील निवडीकडे या क्रमाने पाहायला हवे. त्याच्या एक वर्ष आधी संमेलनाध्यक्षाची निवडणूक बंद होऊन साहित्य महामंडळाने सर्वसंमतीने नाव ठरवण्याची पद्धत आली होती. या पद्धतीने आलेले हे दुसरेच नाव. निवडणूक असती तर मते मोजून वाद मिटला असता. सन्मान म्हणून दिलेल्या पदावर हरकत घ्यायची तर व्यक्तीच्या पात्रतेवरच घ्यावी लागते. काहींनी त्यांचे लेखन मुख्यतः धार्मिक आहे असा साहित्यिक आक्षेप घेतला. हा आक्षेप चर्चेला योग्य होता, जरी तोच निकष कीर्तनकार आणि संतसाहित्याच्या अभ्यासकांना लावला तर मराठी साहित्याचे काय उरेल हा प्रश्न त्यापाठोपाठ येतोच. धमकीचे फोन करणाऱ्यांनी मात्र साहित्याचे नावही घेतले नाही. त्यांना ‘मिशनरी’ हा शब्द पुरेसा होता. संमेलन ठरल्याप्रमाणे झाले.

ठाण्याने स्वतः २०१० मध्ये, नाताळच्याच दिवशी, संमेलनाचे उद्घाटन पाहिले होते आणि तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यातच होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. नवी मुंबईची गोष्ट आणखी निराळी आहे. तेथील चर्च बहुतांशी १९७० नंतर नोकरीनिमित्त आलेल्या केरळ, गोवा, मंगळूर आणि तमिळनाडूकडील कुटुंबांनी उभारली, केरळमधील सिरो-मलबार कॅथलिक परंपरेचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये झाला, आणि तेथील उपदेश मल्याळम, इंग्रजी वा कोंकणीत होतो. तेथला मराठी शेजारी पाळकाला रोज पाहतो, पण त्याचे बोलणे त्याच्या कानी पडत नाही, आणि ज्याचे बोलणे ऐकू येत नाही अशा माणसाला ‘मिशनरी’ म्हणणे सोपे असते. २५ जुलै २०२४ रोजी वसईचे फादर गेले. त्यांना ओळखणाऱ्यांनी त्यांची आठवण काढली ती मराठीत.