क्लाउडलाही पत्ता असतो

१० मार्च २०२१ ला मध्यरात्र उलटल्यावर फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात क्लाउड सेवा देणाऱ्या ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पाच मजली इमारत जळून गेली, शेजारच्या इमारतीलाही झळ बसली. जीवितहानी झाली नाही, पण कितीतरी वेबसाइट बंद पडल्या. ज्यांचा बॅकअपही त्याच इमारतीत होता, त्यांचा डेटा कायमचा गेला. ‘क्लाउडवर आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ असं समजणाऱ्यांनी ही घटना नीट समजून घ्यायला हवी.

क्लाउड म्हणजे कुणाच्या तरी इमारतीत, लोखंडी रॅकमध्ये बसवलेले सर्व्हर, म्हणजे अखंड चालणारे मोठे संगणक. समजा, एका सर्व्हरमध्ये ६४ कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) आणि २५६ जीबी रॅम आहे. हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर त्याचे वाटे पाडतं. प्रत्येकी २ कोअर आणि ८ जीबी रॅम दिली, तर एका यंत्रात ३२ ‘व्हर्च्युअल मशीन’ मावतात. प्रत्येकीची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी आणि भाडेकरूही वेगळा. एकाला दुसऱ्याचं काही दिसत नाही. तुम्ही मशीन मागितली की दोनेक मिनिटांत हातात येते आणि सोडून दिली की तिचं भाडं थांबतं. अ‍ॅमेझॉनने २००६ साली अशी भाड्याची सेवा खुली केली. दहावीच्या निकालासारख्या कामाला ती अगदी चपखल बसते: वर्षातला एक दिवस तुफान गर्दी, एरवी शुकशुकाट. त्या एका दिवसासाठी पन्नास सर्व्हर विकत घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

मशीन घेताना पहिला प्रश्न येतो रीजनचा, म्हणजे ती कुठे हवी याचा. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं अंतर सरळ रेषेत सुमारे १३,००० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन २६,००० किलोमीटर, म्हणजे किमान १३० मिलिसेकंद. केबल वळसे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच. एक पान उघडताना अशा वीस खेपा एकामागून एक झाल्या, तर अडीच सेकंद वाटेतच जातात. ग्राहक महाराष्ट्रातले असतील तर अ‍ॅमेझॉन आणि गूगलचं मुंबई रीजन आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यातही आहे. मग उगाच सातासमुद्रापार कशाला जायचं?

एका रीजनमध्ये बहुधा तीन झोन असतात. त्यांच्या इमारती वेगळ्या असतात आणि वीजपुरवठाही स्वतंत्र असतो. फाइल साठवणारी सेवा तुमची फाइल या झोनमध्ये विखरून ठेवते, पण प्रत्येक वेळी पूर्ण प्रती काढतेच असं नाही. फाइल म्हणजे संगणकासाठी शेवटी आकडेच. तिचे दोन तुकडे केले, एक ७ आणि दुसरा ५, असं धरा. तिसऱ्या जागी त्यांची बेरीज १२ ठेवायची. पाचचा तुकडा असलेली डिस्क मेली, तर १२ मधून ७ वजा केले की तो परत मिळतो. दोन पूर्ण प्रती ठेवायला दुप्पट जागा लागली असती, इथे दीडपटीत काम झालं. खरं गणित याहून गुंतागुंतीचं असतं, पण युक्ती हीच. एवढ्या साध्या अंकगणितावर जगभरातले फोटो सांभाळले जातात, ही मोठी सुंदर गोष्ट आहे.

मात्र हे संरक्षण डिस्क मेली किंवा झोन बंद पडला तरच कामाचं. तुम्ही स्वतः फाइल डिलीट केली, तर ती सगळीकडून इमानेइतबारे डिलीट होते. फोनवरचे फोटो सिंक होत असतील तर फोनवर पुसलेला फोटो क्लाउडवरूनही जातो, फार तर काही दिवस ट्रॅशमध्ये राहतो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. आणि व्हर्च्युअल मशीनची डिस्क बहुतेक वेळा एकाच झोनमध्ये असते. तिचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची प्रत, घ्यायचं काम आपलंच.

नवशिक्यांचा खरा घात होतो बिलात. मशीन ‘स्टॉप’ केली तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरवर तर मशीनच्या आतून शटडाउन केलं, तर खुद्द मशीनचंही भाडं पडतं. अझ्युरच्या पोर्टलवर ‘डीअलोकेटेड’ (मशीन परत केली) असं दिसलं तरच ते थांबलं. खातं उघडल्याबरोबर बजेट अलर्ट, म्हणजे खर्च ठरवलेल्या रकमेला पोचला की मिळणारी सूचना, लावा. तो फक्त ईमेल पाठवतो, मशीन बंद करत नाही, हेही लक्षात असू द्या.

त्यानंतर मुख्य खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन. लिनक्स मशीनचा पोर्ट २२, म्हणजे दुरून लॉगिन करायचं दार, साऱ्या जगाला उघडा ठेवू नका, आपल्याच आयपी पत्त्यापुरता (इंटरनेटवरच्या आपल्या पत्त्यापुरता) ठेवा. अ‍ॅक्सेस की, म्हणजे प्रोग्रॅमला तुमच्या खात्यात शिरू देणारी गुप्त किल्ली, कोडमध्ये लिहून गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर टाकू नका. तिथे अशा की शोधणारे प्रोग्रॅम अखंड फिरत असतात आणि सापडलेल्या कीवर तुमच्या खर्चाने मशीन उभ्या करतात.

बॅकअपची एक प्रत दुसऱ्या रीजनमध्ये किंवा घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल परत उतरवून उघडते का, ते पाहा.