वक्तृत्व व वादविवाद, शालेय (नागपूर)

शालेय विद्यार्थ्यांना सभेत बोलण्याचे आणि प्रतिपक्षाशी मुद्देसूद वाद घालण्याचे शिक्षण देण्याची नागपूर शहरात रूढ असलेली पद्धती. वक्तृत्वात एकच वक्ता नेमून दिलेल्या वेळात विषय मांडतो. वादविवादात दोन पक्ष एका ठरावाच्या अनुकूल व प्रतिकूल बाजूंनी बोलतात आणि एकमेकांच्या मुद्द्यांना उत्तरे देतात. शाळांच्या सूचनाफलकावर ही दोन नावे बहुधा जोडीनेच येतात व तयारीही एकाच मराठीच्या शिक्षकाकडे असते. परंतु दोहोंना लागणारी बुद्धी वेगळी आहे. नागपुरातील शालेय परंपरेचा कल पहिल्याकडे अधिक राहिला. त्याची कारणे काही अंशी इतिहासात व काही अंशी भाषेत सापडतात.

उगम : वादाचे पद्धतशीर शिक्षण भारतात केव्हा सुरू झाले याविषयी एकमत नाही. सर्वांत तपशीलवार प्राचीन विवेचने दोन. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी हे सांगताना संधाय संभाषा (मैत्रीपूर्ण) व विगृह्य संभाषा (विरोधाची) असे दोन प्रकार केले असून 44 वादमार्ग दिले आहेत. प्रतिपक्षी आपल्याहून वरचढ, समान की हीन, तसेच श्रोतृमंडळी जाणती की अजाण, हे आधी पारखून मगच वादात उतरावे, असा व्यवहारी सल्लाही तेथे आहे. दुसरे विवेचन न्यायसूत्रांतील (न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ). त्यात 16 पदार्थांपैकी (विवेच्य विषयांपैकी) वाद, जल्प व वितंडा हे तीन चर्चेचे प्रकार म्हणून येतात. तत्त्वनिर्णयासाठी प्रमाण व तर्क यांच्या आधारे चाललेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी छल (शब्दांचा विपर्यास), जाती (फसवी प्रत्युत्तरे) व निग्रहस्थाने (पराभवाच्या जागा) यांचाही वापर करणारी चर्चा तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करणे ही वितंडा.

या दोहोंपैकी जुने कोणते, यावर बराच खल झाला आहे. सतीशचंद्र विद्याभूषण यांच्या मते चरकसंहितेतील भाग न्यायसूत्रकार अक्षपादापूर्वीच्या मेधातिथी गौतमाच्या आन्वीक्षिकीतून (तर्कविद्येतून) आलेला आहे. सुरेंद्रनाथ दासगुप्त यांनी उलट बाजू घेतली : रोगनिदानाच्या प्रसंगी वैद्यांत होणाऱ्या चर्चांतूनच तर्कशास्त्राला आकार आला असावा. न्यायसूत्रांचा काळही निश्चित नाही. हेर्मान याकोबी यांनी तो इ. स. 200 ते 450 च्या दरम्यान मानला, तर विद्याभूषणांनी सूत्रांचा जुना थर त्याहून कितीतरी मागे नेला. मेधातिथी गौतमाचा स्वतंत्र ग्रंथ उपलब्ध नसल्याने विद्याभूषणांचे मत अनुमानावरच उभे राहते. दासगुप्तांची दिशा अधिक संभाव्य वाटते. निदान एवढे खरे, की वादाचे नियम कामाच्या गरजेतून बांधले गेले, सभा गाजवण्याच्या हौसेतून नव्हे.

शालेय अध्यापनाच्या दृष्टीने 22 निग्रहस्थानांची यादी अधिक उपयोगी आहे. निग्रहस्थान म्हणजे जेथे वादी पराभूत ठरतो ती जागा. मूळ प्रतिज्ञा सोडून देणे (प्रतिज्ञाहानी), अडचण येताच प्रतिज्ञेत बदल करणे (प्रतिज्ञांतर), तेच पुन्हा बोलणे (पुनरुक्त), उत्तर न सुचणे (अप्रतिभा) ही त्यांतील काही. ‘अननुभाषण’ हे विशेष लक्षणीय. प्रतिपक्षाचे म्हणणे सभेला समजले आहे, ते तीनदा सांगून झाले आहे, तरीही ज्याला ते पुन्हा बोलून दाखवता येत नाही तो हरला. समोरच्याचा मुद्दा आधी नीट सांगावा व नंतरच तो खोडावा, हा आजच्या वादविवाद प्रशिक्षणातला पहिला धडा येथे नियमाच्या रूपाने आलेला दिसतो.

विदर्भाशी या विद्येचा संबंध जोडणारा एक उल्लेख भवभूतीच्या मालतीमाधव नाटकात आहे. विदर्भराजाचा अमात्य देवरात आपला मुलगा माधव याला आन्वीक्षिकी शिकण्यासाठी कुंडिनपुराहून पद्मावती नगरीस पाठवतो. भवभूती स्वतः विदर्भातील पद्मपूरचा. वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे असल्याचे मानले आहे व ते बहुतेकांना मान्य आहे. माधवाचा अभ्यास प्रेमप्रकरणापुढे मागे पडतो, त्यामुळे शिक्षणाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून या उल्लेखावर फार भार टाकता येत नाही. तरी आठव्या शतकाच्या आरंभी विदर्भातील अमात्याच्या मुलाने वादविद्या शिकणे प्रेक्षकांना स्वाभाविक वाटत होते, एवढा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही.

मराठी शाळांतील वक्तृत्वाचा साचा मात्र न्यायपरंपरेतून आलेला नाही. श्लोक किंवा ओवीने आरंभ, तत्त्वाची मांडणी, मग एक भावस्पर्शी आख्यान आणि शेवटी टाळी घेणारे वाक्य, हा क्रम पूर्वरंग व उत्तररंग असलेल्या नारदीय कीर्तनाच्या घडणीशी अधिक जुळतो. विदर्भात त्याला खंजिरी भजनाची जोड मिळाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (1909–68) यांच्या भजनांनी व त्यांमधील बोलण्याने खेड्यापाड्यांतील श्रोत्यांचा कान घडवला. कीर्तनकाराला सभेत कोणी उलट प्रश्न विचारत नाही, ही बाब येथे ध्यानात घ्यावी लागते.

नागपुरातील वाटचाल : स्टीफन हिस्लॉप यांनी 1846 मध्ये, भोसल्यांचे राज्य असतानाच, नागपुरात मिशनची शाळा काढली. पुढे हिस्लॉप महाविद्यालय (1883) व मॉरिस महाविद्यालय (1885) सुरू झाले आणि 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. ठराव, अनुकूल-प्रतिकूल वक्ते, अध्यक्ष व शेवटी मतदान असा वादसभेचा इंग्रजी साचा एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील महाविद्यालयांत व तेथून माध्यमिक शाळांत उतरला. केंब्रिज (1815) व ऑक्सफर्ड (1823) येथील विद्यार्थीसभा हे त्याचे मूळ नमुने. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची सभा 1848 मध्ये निघाली. पुण्यात न्या. रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने मराठी व्याख्यानाला श्रोता मिळवून दिला, व तिचे अनुकरण विदर्भातही झाले.

नागपूर हे दीर्घकाळ राजधानीचे शहर असल्याने येथील मुलांना मोठी भाषणे ऐकण्याची संधी आपसूक मिळत गेली. मध्यप्रांताची (1861 पासून) आणि नंतर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी येथेच होती. डिसेंबर 1920 चे काँग्रेस अधिवेशन, बॅरिस्टर मोरोपंत अभ्यंकरांच्या सभा, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे (स्थापना 1925) बौद्धिक वर्ग आणि दुसऱ्या बाजूला आंबेडकरी चळवळीच्या परिषदा यांतून वेगवेगळ्या घरांतील मुलांना बोलण्याचे वेगवेगळे नमुने मिळाले. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले दीर्घ भाषण नागपूरकरांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, या आक्षेपाला त्यांनी त्यात मुद्द्याने उत्तर दिले. म्हणजे ते भाषण असूनही त्याचा गाभा वादाचा आहे. वक्तृत्वाच्या वर्गात ते स्फूर्तीसाठी वाचले जाते, खंडनाचा नमुना म्हणून क्वचितच शिकवले जाते.

मुलींचे शिक्षण व सभेतील सहभाग यांच्या बाबतीत जाईबाई चौधरी यांची चोखामेळा कन्या पाठशाळा व जुलै 1942 मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भरलेली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद हे महत्त्वाचे टप्पे होत.

स्वातंत्र्योत्तर काळात विद्यार्थ्यांपुढील आदर्श म्हणून राम शेवाळकर (1931–2009) यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. रामायण, महाभारत व ज्ञानेश्वरी यांवरील त्यांची व्याख्याने ध्वनिफितींतून घरोघरी पोचली. लांब, तोल सांभाळणारी वाक्ये आणि संथ लय ही त्यांची वैशिष्ट्ये. व्यासंग नसताना केवळ लय उचलणारे शालेय वक्ते पुढे बरेच दिसू लागले, हा दोष अर्थातच अनुकरणाचा.

अध्यापन : विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात व स्पर्धांचा हंगाम लगेच सुरू होतो. 1 ऑगस्ट (लोकमान्य टिळक पुण्यतिथी व अण्णाभाऊ साठे जयंती), 14 सप्टेंबरचा हिंदी दिवस, 26 नोव्हेंबरचा संविधान दिन, 3 जानेवारी (सावित्रीबाई फुले जयंती), 12 जानेवारी (जिजाऊ व विवेकानंद जयंती) आणि 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या तारखांभोवती तो फिरतो. सुटीतील शिबिरे सकाळीच उरकतात, कारण मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. दुपारी वर्ग घ्यायचाच झाला तर कूलरच्या घरघरीवर आवाज चढवावा लागतो. आवाज फेकण्याचा सराव मात्र त्यात फुकट होतो.

प्रचलित पद्धतीत शिक्षक किंवा पालक भाषण लिहून देतात, विद्यार्थी ते पाठ करतो, हावभाव बसवले जातात. चार मिनिटांच्या भाषणाला साधारण चारशे ते साडेचारशे शब्द पुरतात. त्याहून अधिक कोंबले की दुसऱ्या घंटेपूर्वी समारोप होत नाही. तात्कालिक वक्तृत्वात चिठ्ठी उचलून पाच-दहा मिनिटांत तयारी करायची असते, तेथे पाठांतराचा आधार निम्मा सुटतो. वादविवादात तो जवळजवळ पूर्णच सुटायला हवा. प्रत्यक्षात अनेक शालेय स्पर्धांत अनुकूल वक्त्याचे पाठ केलेले भाषण झाले की प्रतिकूल वक्त्याचे पाठ केलेले भाषण होते, व दोघांची गाठ पडतच नाही. न्यायशास्त्राच्या परिभाषेत याला वाद म्हणता येणार नाही, जल्पही नाही.

हे टाळण्यासाठी काही शिक्षक तीन गोष्टी करून घेतात. बाजू आयत्या वेळी नाणे उडवून ठरवतात. प्रत्येक वक्त्याला आधीच्या वक्त्याचा मुख्य मुद्दा एका वाक्यात सांगायला लावतात, व ते वाक्य बरोबर आहे की नाही हे त्या आधीच्या वक्त्यानेच ठरवायचे असते. कागदाचे उभे दोन भाग करून डावीकडे समोरच्याचे मुद्दे व उजवीकडे आपली उत्तरे टिपण्याची सवय लावतात. तिसरी गोष्ट सर्वांत साधी, पण तिलाच सर्वाधिक वेळ लागतो. ऐकता ऐकता लिहिणे आठवी-नववीच्या मुलांना जड जाते.

विषयांत ‘विज्ञान : शाप की वरदान’ अजून टिकून आहे. स्थानिक विषयांपैकी स्वतंत्र विदर्भ हा प्रशिक्षणाला सर्वांत सोयीचा, कारण दोन्ही बाजूंना लेखी आधार आहे. अनुकूल बाजूला 1938 चा मध्यप्रांत-वऱ्हाड विधिमंडळाचा ठराव व 1955 चा राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल. प्रतिकूल बाजूला 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार. याच कराराने विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे ठरले. अधिवेशन काळात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे विधानभवनात अभ्यासवर्ग होतो, पण तो विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी. शाळांच्या पातळीवर केंद्रीय संसदीय कार्य मंत्रालयाची युवा संसद योजना (दिल्लीतील शाळांत 1966-67 पासून, केंद्रीय विद्यालयांत 1988 पासून) आहे. तिच्यात प्रश्नोत्तराचा तास असल्याने उत्तर देण्याचा सराव होतो. मात्र प्रश्न व उत्तरे दोन्ही आधीच लिहून ठेवण्याची प्रथा तेथेही शिरली आहे.

भाषा व उच्चार : नागपुरात मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांच्या शाळा असून एकच मूल तिन्ही भाषांतील स्पर्धांना बसते. मराठी स्पर्धांत अडचण येते ती बोलीची. ग्रीअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) वऱ्हाडी व नागपुरी यांची नोंद आहे. ‘ळ’च्या जागी ‘य’ व ‘ण’च्या जागी ‘न’ येणे आणि ‘तो काम करून राहिला’ अशी चालू क्रियेची रचना ही ठळक लक्षणे. परीक्षक ‘भाषा व उच्चार’ या रकान्यात याचे गुण कापतात. पाठ केलेल्या भाषणात मूल प्रमाण भाषा सांभाळते; पण प्रत्युत्तराला उभे राहिले की विचार बोलीत येतो, जीभ अडखळते व मूल पुन्हा पाठ केलेल्या परिच्छेदाकडे वळते. पाठांतर टिकून राहण्याचे हे एक मोठे कारण असावे. उच्चार स्पष्ट हवा हे रास्त आहे. ‘काऊन’ म्हणून विचारलेला प्रश्न ‘का’ म्हणून विचारलेल्या प्रश्नाइतकाच बिनतोड असू शकतो, आणि निदान खंडनाच्या फेरीत बोलीचे गुण कापू नयेत, हे मत ग्राह्य वाटते.

परीक्षण : विषयाची मांडणी, भाषा व उच्चार, सादरीकरण आणि एकूण परिणाम असे रकाने स्थानिक गुणपत्रिकेत असतात, खंडनाला स्वतंत्र रकाना क्वचित दिसतो. जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत (1988 पासून) प्रत्येक वक्त्याच्या 100 गुणांपैकी 40 आशयाला, 40 शैलीला व 20 डावपेचाला असतात. तिघांच्या संघातील प्रत्येकाला 8 मिनिटे व शेवटी संघातर्फे 4 मिनिटांचे उत्तराचे भाषण मिळते. पहिले व शेवटचे मिनिट सोडून प्रतिपक्षाला मध्येच उठून मुद्दा विचारता येतो. इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांत ही पद्धत शिकवली जाते. मराठी स्पर्धेत वक्त्याला मध्ये थांबवणे अजून उद्धटपणाचे मानले जाते.

माध्यमिक शालान्त परीक्षेत 2018-19 साली भाषाविषयांचे अंतर्गत गुण काढून लेखी परीक्षा 100 गुणांची करण्यात आली होती. 2019-20 पासून 80 गुण लेखी व 20 अंतर्गत ही विभागणी पुन्हा लागू झाली. तोंडी कामाला अभ्यासक्रमात मिळणारी औपचारिक जागा ती एवढीच असून, वर्गातील प्रत्येक मुलाला बोलते करण्याचे निमित्तही तेच. स्पर्धेला शाळेतून एक-दोघेच जातात.