केप मेची पाखरं उलटी का उडतात?

अमेरिकेत न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला, केप मेला, ऑक्टोबरात वायव्येचा वारा सुटला की हिवाळ्यासाठी दक्षिणेला निघालेल्या वॉर्बलरांची, म्हणजे किडे टिपणाऱ्या चिमुकल्या पाखरांची, झुंबड उडते. वाऱ्याने बिचारी भरकटवली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं. शीत आघाडी, म्हणजे थंड हवेच्या लोंढ्याची पुढची कड, पुढे सरकली की पाठीशी वारा मिळतो, म्हणून पाखरं त्या रात्री स्वतःहून निघतात. वारा त्यांना समुद्राकडे रेटतो, एवढंच. गंमत पुढे आहे. पहाटे तिथल्या हिग्बी बीचवर हीच बोटभर पाखरं डोक्यावरून चक्क उत्तरेला जातात. वाट चुकली? छे! समोर डेलावेअरचा रुंद उपसागर. तो टाळून ती मागे झाडी आणि किडे शोधायला वळतात. त्यातली बरीचशी त्याच वर्षी जन्मलेली, बरं का! आणि वारा दक्षिणेचा असला, तर त्या रात्री फार थोडी निघतात.